सुखछायेचा डबा

मंडळी, आजचं आख्यान देवादिकांचं नाही. एका पत्राचं आहे. आडबंदर नावाच्या खाडीकाठच्या गावात अच्युतराव मेहेंदळे नावाचे गृहस्थ राहतात. त्यांच्या टेबलावर, जाड शब्दकोशाखाली, एक पत्र वीस दिवस पडून होतं. वीस दिवस! उत्तर नाही. पत्र वैऱ्याचं नव्हतं हो. ज्या बाईच्या हातचं अर्धं आयुष्य खाल्लं, तिचं होतं. आणि तिने विचारलं होतं काय? एवढंच – 'भरू का नको?'

माझा आवाज मुळात बारीक. मागे ऐकू येतंय ना? येत नसेल त्यांनी हात वर करा. – पाहा! ऐकू येत नाही म्हणणाऱ्यांचे हात अगदी वेळेवर वर झाले! असू द्या, असू द्या. थोडे पुढे सरका.

आता प्रश्न असा. एक माणूस फसवला गेला. पैसे त्याचे गेले. त्याला लाज वाटली, म्हणून तो गप्प बसला. कुणाला बोलला नाही. सांगा – त्याने काही वाईट केलं का? पैसे त्याचे, तोंड त्याचं. बोलायचं की नाही, ते तो ठरवील. खरं की नाही? मलाही पुष्कळ वर्षं हे खरंच वाटत होतं. आता वाटत नाही. का वाटत नाही, ते मला शास्त्राधाराने सांगता येणार नाही. तेव्हा तुम्हाला आडबंदरलाच नेतो. डोळे मिटा घटकाभर.

दुपार आहे. चैत्रातली. भरतीचं पाणी चढताना खाडीचा वास गल्लीत येतो – मासळीचा, चिखलाचा, थोडा केवड्याचासुद्धा. कौलांवरून ऊन घरंगळतंय. सगळं गाव असं पेंगलेलं, की कावळासुद्धा ओरडावं की नको असा विचार करून ओरडतो. त्या गल्लीत समोरासमोर दोन घरं. एक अच्युतरावांचं. समोरचं जोगळेकरांचं, आता बंद. अच्युतराव छत्तीस वर्षं गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. स्वभाव कसा? कुणी पुस्तक सहा महिन्यांनी परत आणलं, तर दंड मागायची यांनाच लाज वाटायची. 'असू दे, सावकाश वाचलंत' म्हणायचे!

पत्नी जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगी दूर. माणसाला सोबत पुस्तकांची, आणि समोरच्या घरातून येणाऱ्या वाटीची.

वाटी कोणती? आता बायकांनो, तुम्हीच सांगा. शेजारणीने वाटीत काही पाठवलं – उकडीचा मोदक असेल, फणसाची भाजी असेल – ती वाटी तुम्ही रिकामी परत करता का?

नाही ना! मोठ्याने सांगा! – नाही! घरात काही नसेल तर निदान चिमूटभर साखर. आडबंदरलाही तसंच. समोरच्या कुमुदवहिनी जोगळेकर आमटी पाठवायच्या. त्या वाटीतून इकडून जायची आंबोशी, नाहीतर चार चाफ्याची फुलं, आणि एकदा तर – अच्युतरावांना काहीच सुचेना – एक कविता लिहून चिठ्ठी घालून पाठवली! वहिनींनी निरोप पाठवला, 'भावजी, कविता गोड आहे, पण पुढच्या वेळी गूळ चालेल.'

अशी ती वाटी तीस वर्षं गल्ली ओलांडत राहिली. मग वहिनींचे यजमान गेले. मग वहिनींचे कान गेले – हळूहळू, ओहोटीसारखे. कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारी बाई. बुवांच्या ओठांकडे पाहून माना डोलवायला लागली. शेवटी भाचा येऊन सांगलीला घेऊन गेला. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून दोघांची पत्रं सुरू झाली. महिन्याला एक जायचं, एक यायचं. वाटीसारखंच!

आणि मग, त्या रिकाम्या दुपारांमध्ये, एके दिवशी कडी वाजली.

दारात एक तरुण. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, चेहरा असा, की आजीने कौतुकाने दृष्ट काढावी. नाव पंकज.

"आजोबा, नमस्कार करतो हं," म्हणाला, आणि खरंच वाकला! "सुखछाया ज्येष्ठ सेवा. तुमच्यासारख्यांचा सन्मान करायला आलोय."

"माझा? कसला सन्मान?"

"छत्तीस वर्षं गावाला वाचायला लावलंत, तो सन्मान नको?"

अच्युतरावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हे म्हणालं. पंकजने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकणावर 'सुखछाया' अशी चिकटपट्टी. आत चार बेसनाचे लाडू. "कंपनीची भेट. फुकट हं, अगदी फुकट! फक्त डबा हातात धरा, एक फोटो काढतो – भेट पोहोचली एवढं दाखवायला." लाडवांकडे बघून अच्युतराव हसले. खटक! फोटो निघाला.

"आणि आजोबा, डबा मी उद्या न्यायला येतो."

मंडळी, ऐकलंत? लाडू ठेवून घ्या, डबा उद्या नेतो. हे वाक्य साधं वाटलं ना? अहो, सगळा गळ या वाक्यात आहे! कंपनीत बसलेल्या कुणाला तरी कोकणातलं घर पक्कं माहीत होतं. लाडू खाल्ले जातील. डबा घासून ठेवला जाईल. आणि उद्या पोरगा दारात उभा राहील, तेव्हा या घराला तो डबा रिकामा देववणार नाही.

दुसरा दिवस. अच्युतरावांनी सगळे डबे उघडून पाहिले. एकट्या माणसाचं स्वयंपाकघर! पोह्यांना किडे, साखर संपलेली. शेवटी बरणीत आमसुलं सापडली; मूठभर घातली. पंकज आला, डबा उघडला, हसला.

"आजोबा, हे कशाला! मला काही नको. फक्त इथे एक सही द्या. पहिला महिना काही नाही. नंतर आवडलं तर पाहू."

दोन पानांचा कागद. मुंग्यांएवढी अक्षरं.

आता गंमत ऐका. ज्या माणसाने चार हजार पुस्तकं वाचली, त्याने ही दोन पानं वाचली नाहीत! का? चष्मा नव्हता? होता, नाकावरच होता! पण समोर पाहुणा बसलेला. त्याच्यासमोर कागद वाचायचा म्हणजे 'तुझ्यावर माझा विश्वास नाही' असं तोंडावर सांगण्यासारखं. त्यांना ते जमलं नाही. तुम्हाला जमतं का? – अहो, खाली काय बघता?

सही झाली. "मोबाईलवर सहा आकडे आलेत, तेवढे वाचून दाखवा," पंकज म्हणाला. आणि अच्युतरावांनी वाचनालयात बसल्यासारखं, स्वच्छ, सावकाश, एकेक आकडा उच्चारून वाचून दाखवला! पोरगा म्हणाला, "वा आजोबा, काय वाणी आहे!"

त्या दिवसापासून दर महिन्याच्या पाच तारखेला अच्युतरावांच्या पेन्शनीतून सहाशे एकोणपन्नास रुपये आपोआप जायला लागले. एकदा 'नूतनीकरण शुल्क' म्हणून वर आणखी बाराशे. बदल्यात काय? एक फोन नंबर. त्यावर फोन केला की बासरी वाजायची. छान वाजायची! पण बासरीनंतर कुणी बोलायचं नाही.

दोन महिन्यांनी पासबुक भरून आणलं, तेव्हा त्यांना कळलं. त्या ओळी त्यांनी पुन्हा पुन्हा वाचल्या. पासबुक मिटलं. कपाटात पुस्तकांच्या मागे ठेवलं. कुणाला सांगणार? गाव काय म्हणेल – 'एवढं वाचलं, आणि काय उपयोग?' हे वाक्य कुणी म्हटलेलं नव्हतं. पण त्यांना ते सगळ्या गल्लीतून ऐकू यायचं. दूधवाल्याच्या 'नमस्कारा'तसुद्धा ऐकू यायचं.

पैसे जात राहिले. अच्युतराव गप्प राहिले. आणि मग, गुढीपाडव्यानंतर आठवड्याभराने, ते पत्र आलं.

'श्री. अच्युतभावजी यांस, कुमुदचा सादर नमस्कार. सोबत कागद पाठवला आहे. बघून बरं वाटलं.'

सोबत होतं एक रंगीत पत्रक. त्यावर – मंडळी – अच्युतराव! हातात डबा, तोंडभर हसू. खाली छापलेलं, 'आम्ही सुखछायेत समाधानी आहोत. – अ. मेहेंदळे, निवृत्त ग्रंथपाल.'

'हे लोक इथेही आले होते,' वहिनींनी लिहिलं होतं. 'कानाच्या यंत्रासाठी मी चाळीस हजार जमवलेत, तुम्हाला ठाऊकच आहे. ते म्हणतात, यंत्र विकत कशाला घेता, ते पैसे आजीव सदस्यत्वाला भरा, यंत्र सहा महिन्यांत आम्हीच फुकट देऊ. भाचा म्हणतो, तुझे पैसे, तू ठरव. मी तुमचा फोटो पाहिला, आणि ठरवलंच जवळजवळ. तुम्ही घेतलंय म्हणजे सगळं वाचूनच घेतलं असणार. अक्षय्य तृतीयेला भरते. नको असेल तर कळवा. उत्तर आलं नाही, तर तुमचा होकार समजेन.'

उत्तर आलं नाही, तर होकार समजेन! आता आपलं तोंड आपलं राहिलं का? ज्याने गप्प बसायचं, त्याच्या गप्प बसण्याने सांगलीतल्या एका बाईचे कान जाणार. कायमचे! पुन्हा चाळीस हजार ती कुठून आणणार?

असं असताना उत्तर लगेच लिहायला नको? अहो, त्यांनी लिहिलं! रोज लिहिलं. पहिलं पत्र सुरू झालं – 'वहिनी, यंदा रायवळला मोहोर बरा आला आहे.' मोहोरावर दीड पान झालं, मुद्दा आला नाही. फाडलं. दुसरं – 'मानवी विश्वास ही मोठी नाजूक वस्तू आहे.' फार सुंदर झालं, चार पानं! त्यात सुखछायेचं नावच नाही. फाडलं. तिसऱ्यात लिहिलं, 'कंपनीविषयी काही उलटसुलट ऐकतो.' ऐकतो म्हणे! स्वतःच्या पासबुकातलं काय कानाने ऐकतात? तेही फाडलं. एक वाक्य लिहायचं होतं – मी फसलो. पेन तिथपर्यंत जायचं आणि थांबायचं. शाई वाळायची.

हसू नका. आपण सगळे असेच लिहितो. मी तर बोलतोसुद्धा असाच.

एकोणीस दिवस गेले. अक्षय्य तृतीयेला उरले पाच. आणि दुपारी पुन्हा कडी वाजली.

"आजोबाऽ!" पंकज. हातात नवा डबा. "खोबऱ्याच्या वड्या. आईने केल्यात." आईने! कंपनीत शंभर पोरं, आणि सगळ्यांच्या आया वड्या करत बसल्यात!

"बस," अच्युतराव म्हणाले. सवयीने म्हणाले.

"बसत नाही. उद्या दुपारी दोनला डबा न्यायला येतो, तेव्हा एक छोटंसं काम आहे. मोबाईलवर दोन वाक्यं बोलायची – मी समाधानी आहे, तुम्हीही या. सांगलीला एक आजी आहेत, जोगळेकर म्हणून. ऐकायला येत नाही त्यांना, पण तुमचा चेहरा हलताना दिसला, की लगेच भरतील. तुमच्या ओळखीच्याच ना?"

अच्युतरावांनी टेबलावरच्या शब्दकोशाकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली – हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही. पंकज गेला. डबा टेबलावर राहिला. शब्दकोश, त्याखाली पत्र, आणि वर डबा.

वड्यांना हात न लावता ते आरामखुर्चीत पडले. उन्हाचा एक चौकोन भिंतीवरून खाली उतरत होता. डोळा लागला.

– पेटीवाले, जरा एकच सूर धरा. हळू. हं.

स्वप्न पडलं. गल्ली नव्हतीच. खाडी आत आली होती. पाणी उंबऱ्याला लागलेलं, गोड, निवांत, आणि त्या पाण्यावरून वाट्या तरंगत येत होत्या. तीस वर्षांच्या सगळ्या वाट्या! एकीत आमटी, एकीत मोदक, एकीत चांदणं भरलंय असं काहीतरी. त्या समोरच्या दाराला लागायच्या, हलकेच वळायच्या, आणि भरलेल्याच परत यायच्या. कुणी वल्हवत नव्हतं. कसली घाई नव्हती.

त्यांच्यामागून तो डबा आला. सुखछायेचा. तो रिकामा होता, आणि उंबऱ्याशी येऊन थांबला. अच्युतरावांनी त्यात साखर घातली. डबा रिकामाच. आमसुलं घातली. रिकामाच. चष्मा घातला. पुस्तकं घातली – एक, दहा, सगळं कपाट. बुडबुडासुद्धा आला नाही. पाणी शांत होतं, आणि त्यांना वाईटही वाटत नव्हतं, फक्त 'अजून काय देऊ?' एवढंच वाटत होतं. मग त्यांनी हात लांब केला, आणि वहिनींची वाटी उचलून त्या डब्यात टाकली.

तेव्हा समोरच्या पायरीवर वहिनी दिसल्या. कानामागे हात धरून उभ्या. ओठ हलले: 'काय म्हणालात, भावजी?' अच्युतरावांनी तोंड उघडलं. शब्द नव्हता. वहिनी वाट बघत राहिल्या, कानामागे हात तसाच, आणि पाणी त्यांच्या पायरीवर चढत राहिलं.

बस, पेटी थांबवा.

जाग आली तेव्हा चौकोन भिंतीवरून जमिनीवर आला होता.  स्वप्नातलं सगळं विरलं होतं, एक गोष्ट मात्र मागे राहिली होती. तो डबा वाटीसारखा नाही. वाटी परत येते. वाटीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो, तो तुमचं नाव घेऊन हाक मारतो, त्याला तुमच्या घरातल्या साखरेचा डबा माहीत असतो. या डब्याच्या दुसऱ्या टोकाला कोण? बासरी!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अच्युतराव बँकेत. खिडकीपाशी मृण्मयी नावाची मुलगी. त्यांनी पासबुक आणि ते रंगीत पत्रक पुढे केलं आणि आवाज इतका खाली नेला, की तिला पुढे वाकावं लागलं.

"हे... हे दर महिन्याला कापतात. मला नको आहे. पण मीच सही केली होती."

"मग काय झालं, काका? परवानगी तुम्ही दिलीत, तुम्हीच मागे घेऊ शकता. अर्ज लिहा, पोच घ्या. पुढच्या पाच तारखेला काही जाणार नाही."

"एवढंच?"

"एवढंच. आणि कंपनीविरुद्ध तक्रारही लिहून द्या, फोटोसकट. फोटो तुम्हाला न विचारता छापलाय ना? पोलीस ठाण्यातही एक प्रत द्या. गेलेले पैसे येतील का, ते मात्र मी आत्ता सांगू शकत नाही." मग ती म्हणाली, "आणि काका, आकडे कुणालाही वाचून दाखवायचे नाहीत. मी मागितले तरी नाही."

एवढं काम! दहा मिनिटांचं! पाच महिने छातीवर घेऊन बसले होते. अर्ज लिहिताना त्यांनी खालच्या मानेनेच विचारलं, "असा मूर्खपणा... माझ्याखेरीज कुणी केलाय का हो?"

मृण्मयी पोचपावतीवर शिक्का मारत होती. "या कंपनीचे? आपल्या शाखेत तुम्ही अकरावे."

"अकरावे?"

"आणि सगळे असंच हळू बोलतात. जाताना सगळे सांगतात, कुणाला सांगू नका. नावं मी सांगणार नाही, पण... सांगायला हवं होतं कुणीतरी, काका."

मंडळी, आडबंदर गाव ते केवढं! संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर सात-आठ म्हातारे बसतात. राजकारणावर बोलतात, गुडघ्यांवर बोलतात. त्यातलेच कितीतरी त्या अकरांत असणार! शेजारी शेजारी बसून, एकमेकांना तंबाखू देऊन, प्रत्येक जण आपापला डबा पोटाशी धरून गप्प! पहिला बोलला असता, तर दुसरा वाचला असता. दुसरा बोलला असता... पण अच्युतरावांनी दुसऱ्यांचा हिशोब केला नाही. त्यांनी मनात आपल्यानंतर कोण येणार ते पाहिलं. बाराव्या कुमुदवहिनी होत्या.

ते घरी आले. डब्यातल्या वड्या ताटात काढल्या, बाहेर कावळ्यांना टाकल्या. डबा घासला. पुसला. आणि मग जी गोष्ट त्या घरात कुणी केली नव्हती ती केली – तो रिकामाच ठेवून झाकण लावलं.  साखरेच्या बरणीकडे हात आपोआप जात होता. या खेपेला साखर होतीसुद्धा!

बरोबर दोन. कडी.

"आजोबा, तयार? इथे उजेडात बसा, छान दिसाल."

अच्युतरावांनी डबा पुढे केला. पंकजने घेतला, आणि हातात तो हलका लागला, तेव्हा पहिल्यांदाच त्याचं हसू थोडं सैल झालं. झाकण उघडून पाहिलं.

"रिकामा?"

"रिकामा."

"आजोबा, काही चुकलं का माझं?"

"मी बोलणार नाही, पंकज. मोबाईलसमोर नाही. पैशाची परवानगी सकाळी मागे घेतली. पत्रकावरून फोटो काढायला लेखी कळवलंय. ही प्रत तुझी."

पंकजने कागद वाचला. पूर्ण वाचला हं, शेवटपर्यंत! त्याला कुणाची भीड नव्हती. मग आवाज मऊ केला. "सही तुमची आहे, आजोबा. आकडे तुम्ही स्वतः वाचून दाखवलेत. उद्या गावात कळलं, की ग्रंथपालांनी न वाचता सही केली, तर लोक हसतील. मला तुमचं वाईट वाटतं म्हणून सांगतो."

हेच ते वाक्य! पाच महिने गल्लीतून ऐकू येत होतं, ते आज खरोखर कुणीतरी म्हणालं. आणि आश्चर्य म्हणजे, म्हटल्यावर ते लहान झालं. एवढंसं झालं.

"हसू देत," अच्युतराव म्हणाले. "मी स्वतःच सांगणार आहे. संध्याकाळी ओट्यावर."

 पंकज डबा पिशवीत टाकून निघाला. फाटकाशी वळून म्हणाला, "आजोबा, मलाही महिन्याला वीस सह्या आणाव्या लागतात." आणि गेला. तेवढं वाक्य त्याचं स्वतःचं असावं, असं अच्युतरावांना वाटलं. त्याचंही वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून आता सही दिली नाही, हे लक्षात घ्या.

सव्वादोन. टपाल तीनला निघतं. अच्युतराव लिहायला बसले. मोहोर नाही. मानवी विश्वास नाही. ऐका –

'कुमुदवहिनी, पैसे भरू नका. मी फसलो आहे. फोटोत हसतोय तो मीच, पण मी लाडवांकडे बघून हसत होतो. कागद मी वाचला नव्हता. तुम्हाला वाटलं वाचला असेल, म्हणून हे लिहायला मला सर्वांत जड गेलं. सात महिने पैसे गेले, आज बंद केले. ते लोक यंत्र देणार नाहीत. तुमच्या चाळीस हजारांचं यंत्र तुम्हीच घ्या, याच आठवड्यात. हे पत्र भाच्याला दाखवा, शेजारणींना दाखवा, ज्यांना तो कागद मिळाला त्या सगळ्यांना दाखवा. माझं नाव झाकू नका. वीस दिवस उशीर केला, तो लाजेने. क्षमा करा. – अच्युत.'

सही करताना त्यांनी सगळं पत्र एकदा वाचलं. सावकाश. सही करण्याआधी वाचलं!

मग चपला. छत्री – उन्हाची. पोस्टाची वाट खाडीच्या कडेने जाते. ओहोटी लागली होती, ओल्या वाळूवर ऊन पसरलं होतं, आणि अच्युतराव पाकीट छातीशी धरून चालले होते. त्यांना चालताना सारखं वाटत होतं – परत फिरावं, अजून थोडं नीट लिहावं, 'फसलो'च्या जागी दुसरा काही शब्द सुचेल. पाय थांबायचे. मग पुन्हा निघायचे.

त्यांना इथेच, पोस्टाच्या पायऱ्यांवर, क्षणभर उभं राहू द्या, मंडळी. दोन मिनिटं बाकी आहेत. तेवढ्यात मला तुमच्याशी बोलायचंय.

तुम्ही कीर्तनाला येता, दान करता, दारी आलेल्याला पाणी देता. ते सोडू नका, माझ्या सांगण्याने तर मुळीच नाही. पण शेजारणीची वाटी कोणती आणि सुखछायेचा डबा कोणता, एवढं ओळखा. समोर बसलेला माणूस कितीही गोड असो – त्याच्यासमोर कागद वाचा. 'उद्या या' म्हणा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. मोबाईलवरचे आकडे देवाने विचारले तरी सांगू नका. देव ते विचारणारही नाही! आणि घरी गेलात की पासबुक उघडा. ओळ न् ओळ वाचा. न कळणारी ओळ दिसली, तर उद्या सकाळी खिडकीपाशी जाऊन विचारा – आणि मोठ्याने विचारा!

हे झालं सोपं. आता अवघड. या मंडपात असं कुणी आहे का, ज्याचं काही गेलंय आणि जो बोललेला नाही? हात वर करू नका. मी विचारणार नाही, मलाच लाज वाटेल. पण तुमच्यानंतर कोण आहे, तेवढं मनात आणा. बहीण असेल. ओट्यावरचा सोबती असेल. तो तुमच्या फोटोकडे बघून हात पुढे करत असेल. तुम्ही गप्प आहात, आणि तो तुमचा होकार समजतोय. सुरुवातीला मी विचारलं होतं, गप्प बसणारा काही वाईट करतो का. आता मला विचारू नका. त्या बाईला विचारा, जी सांगलीत पाकिटात चाळीस हजार घालून वाट बघत बसली आहे.

टाळ वाजवू नका अजून. ऐका.

अच्युतराव पायऱ्या चढले. खिडकीतल्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"स्पीड पोस्ट का, काका? सांगलीचं? परवा पोहोचेल."

"परवा नक्की?"

"परवा नक्की. आत काही महत्त्वाचं आहे का?"

अच्युतराव म्हणाले, "हो. मी फसलो, ते लिहिलंय." आणि हे त्यांनी इतक्या मोठ्याने म्हटलं, की रांगेतली चारही माणसं वळून बघायला लागली, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "सुखछाया का हो?"

खिडकीतल्या माणसाने पाकीट घेतलं, तोललं, पाठीवर शिक्का मारला – ठप्प! – आणि तीनच्या थैलीत टाकलं.